जुन्या निगेटिव्हला व्हिनेगरचा वास का येतो?

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी ब्रिटिश राजवटीची अखेर आणि स्वतंत्र भारताची सुरुवात कॅमेऱ्यात टिपली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाईंचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे. मात्र, प्रत्येक संग्रहाला असे घर मिळत नाही.

धोका काय? उष्णता आणि दमटपणामुळे अ‍ॅसिटेट फिल्ममधून अ‍ॅसिटिक आम्ल बाहेर पडते, वास त्याचाच. फिल्म आकसते, शेजारच्या फिल्मनाही बाधा होते. झालेले नुकसान भरून येत नाही. थंड, कोरड्या जागेत ते फक्त मंदावते.

उपाय काय? वास येणाऱ्या निगेटिव्ह वेगळ्या काढून आधी स्कॅन करणे. पाकिटावरील नाव, तारीख, ठिकाणही नोंदवणे. नाहीतर फोटो वाचेल, पण त्यातली माणसे अनोळखी होतील.