फायटर मासा बरणीत का मरतो?



बंदी लागली की होड्या किनाऱ्यावर आणि आपण घरात. मग पोरांच्या हट्टापायी काचेच्या बरणीत एक पाहुणा येतो, फायटर मासा. गेल्या बंदीत आमच्या एका सभासदाच्या मुलीचा निळा फायटर नवव्या दिवशी मेला. बाप ट्रॉलरचा मालक, सगळा जन्म समुद्रात गेलेला. आम्हाला म्हणाला, "अहो सेक्रेटरी, जाळ्यातला मासा मला कळतो. पण हा बरणीतला का मेला, ते पोरीला सांगता आलं नाही." म्हणून हे लिहितोय.

हा मासा मूळचा थायलंडचा. तिथे भातशेतीच्या, दलदलीच्या उथळ गोड्या पाण्यात तो राहतो. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. आपल्या मरळीसारखा तोही वर येऊन हवेचा घोट घेतो. म्हणूनच दुकानात तो एवढ्याशा पिशवीत जिवंत राहतो. इथेच आपली फसगत होते. आपण समजतो, याला पाणी कमी लागतं.

हवा तो वरून घेतो, पण त्याची घाण जाणार कुठे? माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यात आणखी भर. समुद्रात, खाडीत भरती-ओहोटी हे सगळं धुऊन नेते. बरणीत ते तिथंच साठतं. पाणी दिसायला स्वच्छ, पण माशाचे कल्ले आतून भाजत असतात.

मग आपण काय करतो? रोज सगळं पाणी फेकतो, बरणी साबणाने घासतो आणि नळाचं गार पाणी सरळ ओततो. त्या घरीही हेच झालं होतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाला बाधतं आणि एकदम गार पाण्याने तो हबकतो. शिवाय काचेवर, खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर जे चांगले जंतू वाढतात, तेच अमोनियाचं विष कमी करतात. नव्या टाकीत ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. घासून काढले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तर एवढं करा:

• एका माशाला १५ ते २० लिटरची टाकी द्या. वर झाकण हवंच, कारण हा उडी मारतो. झाकणाखाली मात्र हवेला जागा ठेवा.
• स्पंजचा साधा फिल्टर, हवा मंद. जोराच्या प्रवाहात लांब परांचा नर दमून जातो.
• आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी तळातून नळीने ओढून काढा. त्याच पाण्यात स्पंज पिळून घ्या, नळाखाली धरू नका. टाकी नवीन असेल तर पहिला महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला.
• नळाच्या पाण्यात दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषध घाला. विहिरीचं पाणी घेणार असाल तर आधी चाखून बघा, मे महिन्यात किनाऱ्याकडच्या विहिरी मचूळ होतात.
• पाणी २४ ते २८ अंश गरम हवं. डिसेंबर-जानेवारीत आणि एसीच्या खोलीत लहान हीटर लावा.
• खाणं दिवसातून दोनदा, दोन-तीन दाणे. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं समजा. आठवड्यात एक दिवस उपास चालतो.
• दोन नर एकत्र ठेवू नका, एक तरी फाटून मरेल.

जाळी विणताना आपण ज्या देशी बदामाच्या सावलीत बसतो, त्याचं वाळून गळलेलं एक पान धुऊन टाकीत सोडा. थायलंडचे मासेवालेही हेच करतात. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका.

पर मिटलेले, कडा झिजलेल्या, मासा तळाला बसून आणि खात नाही, असं दिसलं तर औषधाच्या बाटलीआधी पाणी बदला. बहुतेक वेळा दुखणं पाण्याचंच असतं. खवले उभे राहून पोट फुगलं तर मात्र वाचणं कठीण.

आणि कंटाळा आला म्हणून त्याला खाडीत सोडू नका, खारं पाणी त्याला मारेल. तळ्यातही नको, तो आपल्याकडचा मासा नव्हे. ज्याला हौस आहे त्याला देऊन टाका.

गणपतीनंतर त्या पोरीने पुन्हा एक फायटर आणला, लाल. या वेळी बापाने वीस लिटरची टाकी स्वतः बसवून दिली. यंदाची बंदी लागली तरी लाल्या मजेत आहे, आणि दर रविवारी पाणी बदलायचं काम ट्रॉलरच्या मालकाकडे आहे. तुमच्या घरी मासा आणायचा असेल तर आधी टाकी तयार करा, मासा मागाहून आणा. काही अडलं तर संस्थेच्या ऑफिसात या, बसून बोलू.