झाडपाल्याचं असलं तरी औषधच

सकाळी सहा-साडेसहाला शहरातल्या मोठ्या बागेच्या फाटकाशी रसाची गाडी लागलेली असते. स्टीलच्या किटल्या आणि त्यांवर चिकटवलेली नावं: दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर, गुळवेल. फेऱ्या मारून आलेली मंडळी उभ्या उभ्या ग्लास संपवतात. त्यांतल्या अनेकांच्या मागे मधुमेह, रक्तदाब नाहीतर कोलेस्टेरॉल लागलेलं असतं. “नैसर्गिक आहे, फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना!” हे वाक्य तिथे हमखास कानावर येतं. ते खरं नाही, आणि त्याची किंमत काहींनी जिवानिशी मोजली आहे.

किटलीतल्या दुधीपासूनच सुरुवात करू. दुधी, काकडी, दोडका, भोपळा या सगळ्या वेलवर्गीय भाज्यांत कुकुरबिटॅसिन नावाची कडू द्रव्यं असतात. जनावरांनी खाऊ नये म्हणून वेल ती तयार करतो. आपण पिकवतो त्या वाणांत त्यांचं प्रमाण नगण्य असतं, पण एखाद्या फळात ते एकाएकी खूप वाढलेलं असू शकतं. असा दुधी बाहेरून इतर दुधींसारखाच दिसतो. भाजी करताना तो सहसा पकडला जातो, कारण पहिल्याच घासाला तोंड कडू होतं आणि भाजी टाकून दिली जाते. रसाचं तसं होत नाही. त्यात आवळा, पुदिना, कधी कारलंही घातलेलं असतं. कडूपणा झाकला जातो, आणि “कडू म्हणजे गुणकारी” या समजुतीनं पिणारा तोंड वाकडं करत का होईना, ग्लास संपवतो. थोड्याच वेळात पोट पिळवटतं, उलट्या-जुलाब सुरू होतात, उलटीत रक्त येतं, रक्तदाब झपाट्यानं उतरतो. यातून काही मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. तिनं लोकांना दिलेला सल्ला साधा होता. दुधीचा रस काढण्याआधी कच्ची फोड चाखा. ती कडू लागली तर दुधी फेकून द्या. त्यात दुसरे रस मिसळू नका. प्यायल्यावर मळमळ, अस्वस्थपणा वाटला तर थेट रुग्णालय गाठा. या विषावर उतारा नाही, डॉक्टर फक्त शरीराला सावरून धरू शकतात. म्हणून अशा वेळी तास-दोन तास वाट पाहत घरी पडून राहणं फार धोक्याचं आहे.

गुळवेलीची गोष्ट वेगळी आणि जास्त गुंतागुंतीची आहे. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी तिचा काढा उकळला जात होता. 2020 च्या अखेरीस मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले असे सहा रुग्ण आले, ज्यांच्या आजाराचा माग गुळवेलीपाशी पोचत होता. 2021 मध्ये त्यांनी ही माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. त्यानंतर देशातल्या 13 केंद्रांनी मिळून 43 रुग्णांची नोंद केली. यकृताला झालेली इजा बऱ्याच अंशी अशा प्रकारची होती, की शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटली होती. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि त्यांना काही झालं नाही, हेही तितकंच खरं आहे. पण जी वनस्पती प्रतिकारशक्तीला चेतवते असं आपण मानतो, ती एखाद्याच्या शरीरात ती शक्ती नको तिकडे चेतवू शकते, हे मान्य करायला काय हरकत आहे? आणि जाणकार वैद्य गुळवेल देतो तेव्हा तो प्रकृती, मात्रा आणि मुदत पाहून देतो. कुंपणावरची वेल तोडून महिनोन्‌महिने काढा पिण्याला आयुर्वेदाचाही आधार नाही.

ज्येष्ठमधाची कांडी आपल्याकडे खोकल्यावर सर्रास चघळतात. चार दिवसांनी काही बिघडत नाही. मात्र आठवडेच्या आठवडे घेतलं तर त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटवतं आणि रक्तदाब वाढवतं. रक्तदाबाची गोळी चालू असूनही आकडा का उतरत नाही, याचं उत्तर कधी कधी त्या कांडीत असतं. रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम घेणाऱ्यांना पालेभाज्या बंद कराव्या लागतात हा आणखी एक गैरसमज. भाज्यांतलं के जीवनसत्त्व या गोळ्यांच्या उलट काम करतं हे खरं. पण म्हणून पालक-मेथी सोडायची नाही, रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं. महिनाभर पालेभाजीला हात न लावता मग एकदम रोज पालकाचा रस सुरू केला, तर गोळीचं गणित बिघडतं.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो “गोळ्यांनी किडन्या जातात” हा समज. मधुमेहाचं निदान झालं की नात्यातलं कुणीतरी हे वाक्य टाकतंच, आणि माणूस मेटफॉर्मिन बंद करून कारल्याच्या रसावर येतो. समज कुठून आला तेही कळतं. काकांना दहा-पंधरा वर्षं मधुमेह होता, ते गोळ्या घेत होते, शेवटी डायलिसिसवर गेले. गोळ्या डोळ्यांना दिसतात. त्या वर्षांत वाढलेल्या साखरेनं मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या कशा खराब केल्या ते दिसत नाही. मधुमेह हे मूत्रपिंड निकामी होण्याचं एक प्रमुख कारण आहे, आणि साखर आटोक्यात ठेवणं हा ते टाळण्याचा मार्ग. ब्रिटनमध्ये सुमारे पाच हजार नवीन मधुमेहींना वर्षानुवर्षं पाहून केलेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 1998 मध्ये आले. औषधांनी साखर काटेकोर ठेवलेल्या गटात डोळे-मूत्रपिंडांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांची गुंतागुंत सुमारे एक चतुर्थांशानं कमी होती.

मेटफॉर्मिन मूत्रपिंड बिघडवत नाही. ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडाचं काम आधीच मंदावलेलं असेल तर डॉक्टर तिची मात्रा कमी करतात. गाळणक्षमतेचा, म्हणजे ईजीएफआरचा आकडा 30 च्या खाली गेला तर ती बंद करतात. लोक यातून उलटा अर्थ काढतात. तिचे खरे त्रास दुसरेच आहेत: सुरुवातीला पोट बिघडणं, आणि बरीच वर्षं घेतल्यावर बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता. शाकाहारी घरांत ती आधीच असते. पायांना मुंग्या येतात, त्या मधुमेहाच्याच असाव्यात असं धरून चाललं जातं, आणि बी-12 ची साधी रक्ततपासणी राहून जाते.

या गोळीचं मूळही एका वनस्पतीत आहे. युरोपात गॅलेगा नावाची जांभळट फुलांची झुडूपवजा वनस्पती उगवते. जुन्या काळी तिथले वैदू ती वापरत. तिच्यात साखर उतरवणारं द्रव्य आहे, पण ती चरलेल्या मेंढ्या मरतात, इतकी ती विषारी आहे. रसायनशास्त्रज्ञांनी त्या कुळातली द्रव्यं प्रयोगशाळेत बनवून पाहिली. 1922 मध्ये मेटफॉर्मिन तयार झालं आणि 1957 मध्ये पॅरिसच्या ज्यां स्टर्न या डॉक्टरांनी मधुमेहींवरच्या वापराचे निष्कर्ष मांडले. झाडातला गुण घेऊन त्याचं विष बाजूला काढायला इतका काळ लागला. “आम्ही केमिकल घेत नाही, झाडपाला घेतो” असं कुणी म्हटलं की मला हा इतिहास सांगावासा वाटतो.

मूत्रपिंडाची काळजी करणारी हीच मंडळी गुडघा दुखला की दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅकची पट्टी आणतात आणि चिठ्ठीविना आठवडाभर घेतात. मूत्रपिंडाला जपायचं तर या गोळ्यांना घाबरायला हवं, विशेषतः मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी. कोकण-गोव्यात परसदारी असणाऱ्या बिंबलाचंही तसंच. माशाच्या कालवणात चार बिंबलं पडतात ती निर्धोक आहेत. कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून ग्लासभर कच्चा रस पिणाऱ्यांची मूत्रपिंडं मात्र त्यातल्या ऑक्झलेटमुळे अचानक बंद पडल्याच्या नोंदी केरळमध्ये झाल्या आहेत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना तर कमरखही विषासारखं ठरतं.

कारलं आणि मेथीदाणे साखर थोडी उतरवतात. जेवणात ते खुशाल असावेत. गोळीची जागा घेण्याइतका त्यांचा परिणाम भरवशाचा नाही. “मुळापासून साखर घालवणाऱ्या” भुकट्यांचं काय सांगावं! बोस्टनमधल्या दुकानांतून विकत घेतलेली दक्षिण आशियातली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा त्यांतल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. तो अहवाल 2004 चा आहे. काही भुकट्यांत चक्क ॲलोपॅथीची साखर उतरवणारी औषधं न सांगता मिसळलेली आढळली आहेत, म्हणूनच त्या “लागू पडतात”. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात 1954 च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानं गुन्हा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

“इन्सुलिन एकदा लागलं की सवय लागते” याबद्दल थोडक्यात: इन्सुलिन आपल्याच शरीरातलं संप्रेरक आहे. स्वादुपिंड ते पुरेसं बनवेनासं झालं की बाहेरून द्यावं लागतं. टाइप 1 मधुमेह असलेलं मूल त्याविना जगत नाही.

आता ताटाकडे. साखरेऐवजी गूळ, मध किंवा खजूर घेतला तर चालतं, हा घराघरांतला समज. शंभर ग्रॅम साखरेतून सुमारे 400 कॅलरी मिळतात, तेवढ्याच गुळातून 380 च्या आसपास. गुळात थोडं लोह असतं, पण चहातल्या चमचाभर गुळातून मिळणारं लोह नगण्य आणि रक्तातली साखर मात्र तशीच चढते. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे, वर त्यात आयोडीन घातलेलं नसतं. ज्वारी-नाचणीची भाकरी चांगलीच, पण तीही पिठाचीच असते. दोन भाकऱ्यांच्या चार झाल्या की भात सोडल्याचा फायदा संपला. उपवासाच्या दिवशी मधुमेहींची साखर वाढलेली दिसते ती साबुदाण्यामुळे. तो जवळपास निव्वळ स्टार्च असतो, त्यात बटाटा पडतो, आणि “आज मी काहीच खाल्लं नाही” असं मनापासून वाटत राहतं.

व्यायामाबद्दल लोकांची समजूत घामावर अडकलेली आहे. घामानं पाणी जातं, चरबी नाही. दहा हजार पावलांचा आकडाही वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानात बाजारात आलेल्या पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून तो जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. हा दुसरा भाग आपल्याकडे सपशेल वगळला जातो, खास करून बायकांच्या बाबतीत. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड काढणं यांपासून साठीतली बाईही सुरुवात करू शकते. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली साखरेला खरोखर आळा घालते. आजीचं म्हणणं इथे शंभर टक्के बरोबर होतं.

हिरवळीवर अनवाणी चालण्याचा सल्ला मात्र मधुमेहींनी मुळीच ऐकू नये. बरीच वर्षं साखर असलेल्यांच्या तळपायांची संवेदना हळूहळू कमी होते. काटा रुतलेला, काच गेलेली कळत नाही. देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून आलेल्यांच्या तळव्यांना फोड येतात आणि ते घरी आल्यावर मोजे काढताना दिसतात. अशी जखम चिघळून पाय कापावा लागलेली माणसं आपल्या आसपास आहेत. रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत, नाहीतर घरच्यांना दाखवावेत.

“मधुमेह आहारानं परतवता येतो” हे विधान गैरसमजांत टाकता येत नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात सुमारे तीनशे रुग्णांपैकी निम्म्यांना वजन घटवण्याच्या आहारावर ठेवलं. त्यांतल्या 46 टक्के लोकांची साखर वर्षभरानंतर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांनी 15 किलो किंवा अधिक वजन उतरवलं त्यांच्यात हे प्रमाण 86 टक्के होतं. त्या सर्वांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता, कुणीही इन्सुलिनवर नव्हतं, आणि गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवल्या होत्या. वजन परत वाढलं की साखरही परत येते.

आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घराघरांत पोचवलेली दिवसातून दोनदा जेवण्याची पद्धत अनेकांनी धरली आहे. ज्यांना ती करायची आहे त्यांनी आधी आपल्या गोळ्यांची नावं वाचावीत. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी एखादी असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणं कमी करण्याआधी डॉक्टरांना भेटून मात्रा कमी करून घ्यायला हवी. त्यांना चालू असलेले काढे, रस आणि भुकट्याही सांगाव्यात. पहिले काही आठवडे ग्लुकोमीटरवर साखर मोजावी. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आकडा 70 च्या खाली दिसला, तर पद्धत मोडेल म्हणून थांबू नये. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं, आणि आकडा वर आल्यावर काहीतरी खाऊन घ्यावं.