दारात मारेकरी उभा असेल तर

तत्त्वज्ञान शिकवायचो तेव्हा पाश्चात्त्य नीतिशास्त्राची सुरुवात मी एका दारापासून करायचो. मित्र तुमच्या घरात लपलाय. त्याच्या जिवावर उठलेला माणूस दारात येऊन विचारतो, ‘आत आहे का तो?’ काय सांगाल? पोरांचं उत्तर ठरलेलं : ‘नाही म्हणायचं, सर. त्यात विचार कसला?’

विचार मात्र दोन हजार वर्षं चाललाय. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये पिरियस बंदरातल्या घरी सेफॅलस हा श्रीमंत म्हातारा सॉक्रेटिसशी बोलत बसलाय. खरं बोलावं, ज्याचं त्याला द्यावं, हा त्याच्या बोलण्याचा सूर. सॉक्रेटिस विचारतो : मित्रानं शस्त्र ठेवायला दिलं आणि वेड लागल्यावर परत मागितलं, तर द्यायचं? म्हातारबुवा ‘नाही’ म्हणतात आणि वाद मुलाच्या गळ्यात घालून हसतहसत पूजेला निघून जातात. अ‍ॅरिस्टॉटलचा भर नियमापेक्षा माणसावर. सद्गुण सवयीनं अंगी बाणतात आणि कुठे, किती, कसं वागायचं हे सुजाण माणसाला कळतं, असं त्याचं म्हणणं.

ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टिनला प्रसंग पाहून ठरवण्याची ही मुभा मान्य नव्हती. खोटं बोलण्यावरच्या आपल्या ग्रंथात तो थागास्ते गावच्या फिर्मुस नावाच्या बिशपची हकीकत सांगतो. बिशपनं एकाला आसरा दिलेला. बादशहाची माणसं शोधत आली. ‘मी खोटंही बोलणार नाही आणि त्याला तुमच्या हातीही देणार नाही,’ एवढंच तो म्हणाला. हाल हाल केले, तरी बधला नाही. शेवटी त्याला बादशहापुढे उभं केलं, तर त्यानं लपवलेल्या माणसासाठी माफीच मिळवली!

दारातल्या मारेकऱ्यावरचा जर्मन तत्त्वज्ञ कांटचा निबंध 1797 मधला. तेव्हा तो 73 वर्षांचा होता. फ्रेंच लेखक बेंजामिन कॉन्स्टंटनं लिहिलं होतं की, खरं ऐकण्याचा हक्क मारेकऱ्याला नसतो. कांट म्हणाला, खरेपणा हे सगळ्यांशीच पाळायचं कर्तव्य आहे. समजा, तुम्ही ‘नाही’ म्हणालात, मित्र तेवढ्यात मागच्या दारानं सटकला होता आणि परत फिरलेल्या मारेकऱ्याला तो रस्त्यात सापडला, तर? त्या मृत्यूचा दोष तुमच्या माथी. सत्य बोलला असतात, तर परिणामाचं ओझं तुमच्यावर नसतं.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल मात्र परिणामच मोजतो. लंडनमध्ये बसून ईस्ट इंडिया कंपनीची 35 वर्षं नोकरी केलेला हा माणूस. शब्दावरचा विश्वास उडाला तर समाजच पोखरला जातो, म्हणून खोटं वाईट, असं तो ‘युटिलिटेरियनिझम’ या ग्रंथात मांडतो. पण दुष्टापासून माहिती लपवणं किंवा अत्यवस्थ रुग्णाला वाईट बातमी न सांगणं त्याला चालतं. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये ‘बाबांना सांगू नका हं’ म्हणणारे आपण सगळे त्या घटकेला मिलचे शिष्य असतो.

टिळकांनी ‘गीतारहस्या’त या पाश्चात्त्य पंडितांना महाभारतासमोर बसवलं. तिथे कौशिक ब्राह्मण आहे : लपलेल्या लोकांची वाट दरोडेखोरांना खरीखरी सांगणारा आणि त्यापायी नरकात गेलेला.

मी स्वतः दारात खोटंच बोलेन. पण कांट वाचल्यापासून एक खोड जडली आहे. कुणी ‘त्याच्या भल्यासाठीच खोटं बोललो’ म्हणालं, की मी विचारतो : त्याच्या, की तुमच्या?