चिमुकल्या जिवांनी बांधली अख्खी बेटं. लक्षद्वीपची पोवळी पांढरी का पडतायत?

अंगठीतलं लाल पोवळं गावोगावी माहीत आहे. त्याच्याच नात्यातल्या जिवांनी अरबी समुद्रात अख्खी बेटं उभी केली आहेत. केरळच्या किनाऱ्यापासून २२० ते ४४० किलोमीटरवर असलेलं लक्षद्वीप म्हणजे हीच बेटं. सगळ्यांची जमीन एकत्र मोजली तरी जेमतेम ३२ चौरस किलोमीटर भरते. वस्ती फक्त १० बेटांवर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ६४ हजार होती.

तळाशी सह्याद्रीचाच भाऊबंद

पृथ्वीच्या पोटातल्या एका उष्ण जागेतून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा वर आला आणि महाराष्ट्रातला काळा कातळ तयार झाला, असं भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. पुढे भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकला. त्याच उष्ण जागेच्या लाव्ह्यातून समुद्रात डोंगरांची रांग तयार झाली. हे डोंगर हळूहळू खचत गेले आणि पोवळी मात्र उजेडासाठी त्यांच्यावर थरावर थर चढवत राहिली. अशी गोल बेटं कशी होतात, हे चार्ल्स डार्विनने १८४२ मध्येच मांडलं होतं.

पोवळं हे झाड नाही आणि दगडही नाही. तो जिवंत प्राणी आहे. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो आपल्याभोवती कठीण घर बांधतो. गोलसर पोवळं वर्षाला साधारण एक सेंटीमीटरच वाढतं.

निळं पाणी, पांढरी वाळू

बेटाभोवती पोवळ्यांचा बांध असतो. बाहेरून येणारी लाट या बांधावर फुटते. आतलं पाणी उथळ आणि शांत राहतं, खाली पांढरी वाळू असल्याने ते फिकट हिरवं-निळं दिसतं. ही वाळू म्हणजे पोवळी आणि शंख-शिंपल्यांचा चुरा. पोपटमासा पोवळ्यावरचं शेवाळ खरवडताना चुनाही गिळतो आणि वाळू करून बाहेर टाकतो.

बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. हलकं असल्याने ते वर राहतं. विहिरीत येतं ते हेच गोडं पाणी. मोटार लावून जास्त उपसा केला, की विहीर खारी होते.

खरा धोका काय?

पोवळ्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. पोवळ्याला बहुतेक अन्न त्याच्याकडूनच मिळतं, रंगही त्याचाच. समुद्राचं पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या पातळीपेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की पोवळं हे शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पाणी लवकर थंड झालं तर ते सावरतं, नाहीतर उपासमारीने मरतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर घडलं. दोन तडाख्यांमध्ये सावरायला पुरेसा वेळच मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

पोवळी मेली की बांध झिजतो, लाटा थेट किनाऱ्यावर येतात आणि वाळू वाहून जाते. बेटं समुद्रापासून फार तर काही मीटर उंच. बंगारमजवळचं पराली-१ हे निर्मनुष्य बेट झिजून नाहीसं झाल्याचं २०१७ मध्ये समोर आलं.

मालवणला जाताय?

पोवळी बघायला लक्षद्वीपलाच जायला हवं असं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यातही ती आहेत. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. पाण्यात उतरल्यावर एवढं पाळा:

- पोवळ्यावर उभं राहू नका, हात लावू नका. एका पायाखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते.
- होडीचा नांगर पोवळ्यावर टाकू देऊ नका.
- आठवण म्हणून तुकडा उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.