उंदराच्या पायाची सूज

बसा रे इथं. आजीच्या गुडघ्याला काय बांधलंय म्हणून विचारत होतात ना? निर्गुडीचा पाला. ओढ्याकाठी, बांधावर माजतं ते झुडूप. पानांना असा उग्र वास, की शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत. सूज दिसली की हा पाला तव्यावर गरम करून बांधायचा, ही आपली जुनी रीत. आजीला बरंही वाटतं. पण कशानं? पाल्यानं, नुसत्या शेकानं, की तुमची आई मायेनं बांधते त्यानं?

एवढं निवडायला प्रयोगशाळेत पांढरे उंदीर लागतात. आपल्या देशात त्यासाठी आधी समितीची परवानगी काढावी लागते, आणि ते योग्यच आहे. उंदरांचे गट पाडतात. एका गटाला पाल्याचा अर्क पाजतात, एकाला सूज उतरवणारं ओळखीचं औषध, बहुधा इंडोमेथॅसिन, आणि एकाला नुसतं पाणी. पाणी पिणारे बिचारे उगीच आहेत असं समजू नका. त्यांच्यावाचून तुलना कशाशी करणार?

मग मागच्या पंजात कॅराजीनन टोचतात. समुद्रातल्या तांबड्या शेवाळाचं हे सत्त्व आइस्क्रीममध्येही घालतात, पण टोचलं की पंजा टरारून फुगतो. 1962 पासून ही पद्धत जगभर चालू आहे. गंमत म्हणजे ही सूज टप्प्याटप्प्यानं चढते. सुरुवातीला हिस्टामीन आणि सेरोटोनिन बारीक रक्तवाहिन्या झिरपत्या करतात, तिसऱ्या तासाच्या सुमारास प्रोस्टाग्लँडिनांचा जोर. त्यामुळे सूज कधी अडली यावरून औषध कुठं घाव घालतं याचा अंदाज येतो. आणि मोजायची कशी? पंजा पाण्यात बुडवायचा, पाणी जितकं वर सरकेल तितका पंजा मोठा. आर्किमिडीजचीच युक्ती!

श्रीलंकेतल्या संशोधकांनी निर्गुडीच्या जून, ताज्या पानांचा पाण्यातला अर्क उंदरांना पाजून पाहिला. 2003 मध्ये निष्कर्ष छापून आला: सूज कमी भरली.

म्हणजे आजी जिंकली? थांबा. उंदरांनी अर्क प्यायला होता, आजी पाला बाहेरून बांधते. तिच्या गुडघ्याचा निकाल माणसांवरच लागायचा. निम्म्यांना निर्गुडी, निम्म्यांना तितकाच गरम दुसरा पाला, आणि कुणाला काय बांधलं हे त्यांना कळता कामा नये. डोळे झाकता येतील रे, पण या वासाचं काय करायचं? सांगा बघू.