तरुण बॉक्सरने तगड्या प्रतिस्पर्ध्याशी कधी भिडावं? घाई आणि सब्र यांच्यामधलं गणित

6 सप्टेंबर 2008 ची रात्र. इंग्लंडमधलं मँचेस्टर शहर. रिंगमध्ये 21 वर्षांचा आमिर खान उभा होता. हा आपला सिनेमातला आमिर नव्हे. हा बोल्टन गावच्या पाकिस्तानी वंशाच्या घरातला मुलगा, ज्याने 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी ब्रिटनला रौप्यपदक मिळवून दिलं होतं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये तो 18 लढती खेळला होता आणि अठराही जिंकला होता. समोर होता कोलंबियाचा ब्रेडिस प्रेस्कॉट. घंटा वाजली आणि 54 सेकंदांत सगळं संपलं. आमिर दोनदा खाली पडला, दुसऱ्यांदा उठला तेव्हा पाय लटपटत होते. रेफरीने लढत थांबवली.

त्यानंतर एकच प्रश्न विचारला गेला. या मुलाला इतक्या जोरदार ठोसा मारणाऱ्या माणसासमोर इतक्या लवकर उभं केलं कुणी? हा प्रश्न फक्त आमिरचा नाही. तरुण बॉक्सरला कठीण प्रतिस्पर्धी कधी द्यायचा, हा या खेळातला सगळ्यात अवघड निर्णय. चुकला तर नुसता सामना जात नाही, करिअर जातं आणि कधी कधी जीवही जातो. म्हणून हे गणित कसं मांडलं जातं, ते आपण नीट समजून घेऊ.

हौशी आणि व्यावसायिक बॉक्सिंगमधला फरक

निखत झरीन 2022 आणि 2023 मध्ये जगज्जेती झाली, ती हौशी बॉक्सिंगमध्ये. तिथे तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, म्हणजे एकूण नऊ मिनिटं. समोर कोण येणार हे ड्रॉ ठरवतो. पहिल्याच दिवशी ऑलिम्पिक विजेता समोर आला तरी खेळावंच लागतं.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये प्रतिस्पर्धी निवडला जातो. हे काम करणाऱ्याला मॅचमेकर म्हणतात. नवखा मुलगा चार फेऱ्यांच्या लढतींपासून सुरुवात करतो, मग सहा, आठ, दहा असं करत बारा फेऱ्यांपर्यंत जातो. बारा फेऱ्या म्हणजे 36 मिनिटं. नऊ मिनिटं वेगाने ठोसे मारणं वेगळं आणि 36 मिनिटं मार देत-घेत डोकं शांत ठेवणं वेगळं. हौशी बॉक्सिंगमधलं मोठं पदक खिशात असलं तरी हा फरक भरून निघत नाही. तो लढती खेळूनच भरावा लागतो.

हरणाऱ्याकडूनही शिकायला मिळतं

नवख्याच्या पहिल्या काही लढती बहुतेक वेळा अशा माणसाशी लावल्या जातात, ज्याच्या नावावर विजयांपेक्षा पराभव जास्त असतात. बाहेरच्याला वाटतं की हे ठरवून केलेलं नाटक आहे. पण तसं नसतं. बर्मिंगहॅमच्या पीटर बकलीचं उदाहरण घ्या. 2008 मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या 300 लढती झाल्या होत्या आणि त्यातल्या 256 तो हरला होता. तरीही ब्रिटनमधल्या मॅचमेकरना तो हवाहवासा होता. कारण त्याला बचाव येत होता आणि नवख्याच्या चुका त्याच्यासमोर उघड्या पडत.

शेफिल्डचा येमेनी वंशाचा ‘प्रिन्स’ नसीम हमीद याच बकलीशी दोनदा लढला. 1992 मध्ये तो गुणांवर जिंकला, तर 1994 मध्ये लढत मुदतीआधीच संपवून. दोन वर्षांत मुलगा किती पुढे गेला, हे त्याच माणसाकडून पुन्हा तपासून घेतलं गेलं. हमीद सप्टेंबर 1995 मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी विश्वविजेता झाला.

मोहम्मद अलींचा जिना

सगळ्यात चांगला धडा मोहम्मद अलींच्या सुरुवातीच्या वर्षांतून मिळतो. तेव्हा त्यांचं नाव कॅशियस क्ले होतं. ऑक्टोबर 1960 मध्ये त्यांची पहिली व्यावसायिक लढत झाली ती टनी हनसेकरशी. हा माणूस एका छोट्या गावचा पोलीसप्रमुख होता. लढत सहा फेऱ्यांची होती.

तिथून प्रत्येक पायरीवर नवा प्रश्न समोर येत गेला. फेब्रुवारी 1962 मध्ये सनी बँक्सने त्यांना पहिल्याच फेरीत खाली पाडलं. ते उठले आणि चौथ्या फेरीत जिंकले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये समोर आले आर्ची मूर, वयाने थकलेले पण डोक्याने तल्लख. मार्च 1963 मध्ये डग जोन्सने दहा फेऱ्या इतकं झुंजवलं की निकाल लागल्यावर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. जूनमध्ये लंडनला हेन्री कूपरने चौथ्या फेरीच्या शेवटी जमिनीवर आणलं. क्ले पुढच्या फेरीत जिंकले.

फेब्रुवारी 1964 मध्ये सनी लिस्टनसमोर ते उभे राहिले, तेव्हा वय 22 होतं आणि खात्यात 19 विजय होते. जगाला वाटत होतं की लिस्टन या पोराला चिरडणार. पण खाली पडून उठणं, दहा फेऱ्या दम टिकवणं आणि अनुभवी माणसाचे डाव ओळखणं या तिन्ही परीक्षा त्यांनी आधीच दिल्या होत्या. लिस्टनने सातव्या फेरीला उठायला नकार दिला.

वय कमी, पण लढती जास्त

कुणी म्हणेल, माईक टायसन विसाव्या वर्षीच हेवीवेट विश्वविजेता झाला, मग थांबायचं कशाला? टायसनची पहिली लढत मार्च 1985 मध्ये झाली आणि नोव्हेंबर 1986 मध्ये त्याने ट्रेव्हर बर्बिकला हरवलं. वीस-एकवीस महिने म्हणजे कॅलेंडरवर घाईच वाटते. पण बर्बिकशी झालेली त्याची लढत अठ्ठाविसावी होती. पायऱ्या त्याने गाळल्या नाहीत, भराभर चढल्या.

उलट उदाहरण युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोचं. दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकलेला हा बॉक्सर मार्च 2014 मध्ये आपल्या दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत विश्वविजेतेपदासाठी उतरला. समोर मेक्सिकोचा मुरलेला ऑर्लांडो सालिडो होता, जो वजनाची मर्यादाही पाळू शकला नव्हता. सालिडोने अंगाला अंग भिडवून, खालच्या ठोशांचा मारा करून त्याला थकवलं आणि तो गुणांवर हरला. तीन महिन्यांनी तिसऱ्या लढतीत लोमाचेन्को विश्वविजेता झाला. पण असा बॉक्सर पिढीत एखादाच असतो. त्याच्याकडे बघून गल्लीतल्या मुलाचं वेळापत्रक ठरवता येत नाही.

आमिरच्या बाबतीत नेमकं काय चुकलं?

आमच्या मते, 18 लढतींनंतर अवघड प्रतिस्पर्धी देणं यात काही गैर नव्हतं. चूक दुसरीकडे झाली. 2007 मध्ये विली लिमंडने आणि 2008 च्या जूनमध्ये मायकल गोमेझने आमिरला खाली पाडलं होतं. दोन्ही लढती तो जिंकला, पण बचावातली फट दिसली होती. ती बुजवायच्या आधीच, बहुतेक विजय नॉकआउटने मिळवलेला माणूस समोर आणला गेला. त्यात प्रशिक्षकही नवा होता.

पुढचं मात्र शिकण्यासारखं आहे. आमिर अमेरिकेत फ्रेडी रोच यांच्याकडे गेला. डिसेंबरमध्ये तुलनेने सोपी लढत घेतली. मार्च 2009 मध्ये मार्को अँटोनियो बरेराला हरवलं. हा तोच बरेरा, ज्याने 2001 मध्ये हमीदला त्याचा एकमेव पराभव दाखवला होता, पण आता तो उतरणीला लागला होता. जुलै 2009 मध्ये आंद्रियास कोटेलनिकला हरवून आमिर विश्वविजेता झाला. 54 सेकंदांच्या पराभवानंतर अवघ्या दहा महिन्यांत. एका पराभवाने सगळं संपत नाही, पण त्यानंतर पुन्हा दोन पायऱ्या खाली उतरायची तयारी लागते.

फार सांभाळणंही धोक्याचं

दुसऱ्या टोकालाही चूक होते. प्रमोटरला ‘अपराजित’ हा शब्द विकायला आवडतो. मग वर्षानुवर्षं सोपे प्रतिस्पर्धी दिले जातात. रेकॉर्ड फुगतं, पण मुलगा काहीच शिकत नाही. ज्या दिवशी खरा माणूस समोर येतो, त्या दिवशी तो उघडा पडतो.

वेळही हातात असावा लागतो. आपल्या विजेंदर सिंगने व्यावसायिक बॉक्सिंग सुरू केलं ऑक्टोबर 2015 मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर. ऑगस्ट 2017 मध्ये मुंबईत वरळीला तो चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी दहा फेऱ्या झुंजून गुणांवर जिंकला. सलग 12 विजयांनंतर मार्च 2021 मध्ये गोव्यात, पणजीला जहाजाच्या छतावर, रशियाच्या आर्तिश लोपसानने त्याला पाचव्या फेरीत हरवलं. आधीची लढत 2019 च्या नोव्हेंबरमध्ये झाली होती. वय 35 आणि मध्ये सोळा महिन्यांचा खंड. नियमित लढती नसतील तर आधीच्या विजयांचा हिशेब फारसा कामाला येत नाही.

पालकांनी आणि उस्तादांनी काय विचारावं?

‘तूफान’ सिनेमात डोंगरीचा अझीझ अली पडद्यावर बॉक्सर झाला. खऱ्या गल्लीबोळांतही बॉक्सिंगची स्वप्नं बघणारी मुलं आहेत. त्यातलं कुणी उद्या व्यावसायिक झालं, तर घरच्यांनी सही करण्याआधी काही साधे प्रश्न जरूर विचारावेत.

या लढतीत नवीन काय आहे? डावखुरा, उंच किंवा जोरदार ठोशाचा माणूस, नाहीतर जास्त फेऱ्या, यातली एका वेळी एकच गोष्ट नवी असावी. मागच्या लढतीतली चूक सुधारली का? मुलगा कधी सहा किंवा आठ फेऱ्या पूर्ण खेळला आहे का, की प्रत्येक वेळी पहिल्या फेरीतच जिंकला? वजन किती उतरवावं लागणार? मागच्या वेळी डोक्याला मार लागला असेल, तर डॉक्टरने तपासलं का आणि पुरेशी विश्रांती झाली का? आणि शेवटचा प्रश्न: घाई कुणाला आहे, मुलाला की तिकिटं विकणाऱ्याला?

हे प्रश्न भित्रेपणाचे नाहीत. नोव्हेंबर 1982 मध्ये कोरियाचा किम डुक-कू लास वेगासमध्ये रे मँचिनीशी चौदाव्या फेरीपर्यंत लढला आणि काही दिवसांत मेंदूच्या दुखापतीने गेला. त्यानंतर विश्वविजेतेपदाच्या लढती 15 फेऱ्यांवरून 12 वर आल्या. नियम बदलला, पण एका आईचा मुलगा गेल्यानंतर.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. मुलाला काचेच्या कपाटात ठेवू नका आणि आगीतही फेकू नका. प्रत्येक लढत मागच्या लढतीपेक्षा थोडी अवघड असावी, आणि हरला तरी तो शिकून, धडधाकट घरी यावा. बेल्ट एक-दोन वर्षं उशिरा मिळाला तरी चालेल.