हिंगणघाटला नेऊन सोडणारी दुरुस्ती

नागपूरच्या मिहानमधून समुद्र दिसत नाही, म्हणजे क्षितिजापासून ताऱ्याची उंची मोजणारा सेक्स्टंट इथे बिनकामाचा, असं अनेकांना वाटतं. पण क्षितिज नसलं तर ते परातीत तयार करता येतं. जुने सर्वेक्षक त्यासाठी पारा वापरत. पाऱ्याची वाफ विषारी, तेव्हा आपण काळं इंजिन ऑइल घ्यावं. वारा पडलेला हवा आणि जागा दिव्यांपासून लांब, कारण तेलात ध्रुवतारा फिकाच दिसतो. आकाशातला ध्रुव आणि तेलातला ध्रुव एकमेकांवर आणले की मिळणारा कोन दुप्पट असतो: सुमारे ४२ अंश. त्यातून आधी यंत्राची इंडेक्स एरर (शून्यावरची चूक) काढायची, मगच निम्मे करायचे. ही ध्रुवाची उंची, म्हणजे जवळजवळ आपला अक्षांश. इंडेक्स एरर असलेलं यंत्र वाईट, हाही गैरसमजच. चूक किती हे ठाऊक असलं की ती वजा करता येते.

खरी गफलत होते ती 'डिप'मध्ये. जहाजाच्या डेकवरून क्षितिज किंचित खाली दिसतं, म्हणून तो झुकाव वजा करतात. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, मग तेवढा डिप काढा, असं कोणी सुचवतं. सूत्राने तो ३१ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) येतो. अक्षांशाची एक कला म्हणजे १.८५ किलोमीटर, म्हणजे तुम्ही ५७ किलोमीटर दक्षिणेला सरकलात, जवळजवळ हिंगणघाटच्या अक्षांशावर! तेलाच्या परातीला डिप नसतोच. तेल तिथल्या तिथेच सपाट असतं, समुद्र कितीही खाली असो.

वातावरणातल्या वक्रीभवनाची दुरुस्ती मात्र चुकवता येत नाही. २१ अंशांवर ते ताऱ्याला सुमारे अडीच कला उचलून दाखवतं. विदर्भाची गरम, थोडी विरळ हवा त्यातली पाव कला कमी करते, बस. सूर्याला लागणारी अर्धव्यासाची १६ कला इथे नको. तारा बिंदूच दिसतो.

आणि ध्रुव 'अढळ' नाही. खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो अर्ध्या अंशाहून जास्त दूर फिरतो, म्हणून वेळेनुसार पंचांगातला, म्हणजे नॉटिकल अल्मनॅकमधला, आकडा घ्यावाच लागतो.

भारताचा दक्षिणोत्तर महाकंस (ग्रेट आर्क) मोजणाऱ्या विल्यम लॅम्ब्टनने अक्षांशासाठी झेनिथ सेक्टरने डोक्यावरचे तारे टिपले. तिथे वक्रीभवन जवळपास शून्य. नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी तो वाटेतच वारला. त्याची कबर हिंगणघाटलाच आहे.